बडोद्यात राहून चीनचा अभ्यासक कसं व्हावं: आधी भाषा, मग प्रश्न, मग पदवी

चीनबद्दल बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. सीमेवर काही घडलं की वाहिन्यांवर रोज नवे जाणकार दिसतात. त्यांतले किती जण चिनी वर्तमानपत्र चिनीतच वाचतात, असं विचारलं तर मात्र फार थोडे हात वर होतील. एवढ्या मोठ्या शेजाऱ्याबद्दलची आपली बहुतेक माहिती लंडन, न्यूयॉर्क आणि सिंगापूरहून इंग्रजीत गाळून येते. ही उणीव भरायला माणसं हवी आहेत, आणि ती सगळी दिल्लीतूनच यावीत असं मुळीच नाही.

हा लेख बडोद्यातल्या मराठी घरांतल्या मुलामुलींसाठी आहे. सयाजीराव विद्यापीठात राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा इतिहास शिकता शिकता ज्यांच्या मनात चीनबद्दल कुतूहल जागं झालंय आणि ज्यांना त्यातच आयुष्याचं काम करायचंय, त्यांच्यासाठी. माझं सांगणं थोडक्यात असं की या वाटेवर क्रम महत्त्वाचा आहे. आधी भाषा, मग प्रश्न आणि शेवटी पदवी. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात. आधी पीएचडीला नाव नोंदवतात, मग विषय शोधतात आणि भाषा राहूनच जाते.

मराठी माणसाला ही वाट नवी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला शाळेपासून माहीत असतात. पण वसंत परांजपे यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. १९४७ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर चीनला गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांत ते होते. पेकिंग विद्यापीठात शिकले आणि पुढे नेहरू आणि माओ यांच्या भेटीत दुभाषाचं काम त्यांनी केलं. गिरी देशिंगकर दिल्लीत चीनच्या अभ्यासाचे एक आधारस्तंभ झाले. गो. पु. देशपांडे यांना आपण नाटककार म्हणून ओळखतो, पण जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, म्हणजे जेएनयूत, ते आयुष्यभर चीनचाच अभ्यास शिकवत होते. परराष्ट्र सचिवपदापर्यंत पोचलेले विजय गोखले चिनी जाणतात आणि निवृत्तीनंतर चीनवर सातत्याने लिहितात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: भाषा.

आधी विषयाची हद्द ओळखा

समकालीन चीनचं राजकारण आणि समाज हा विषय म्हणजे सीमाप्रश्न नव्हे. सीमा, शस्त्रं, हिंदी महासागर हे परराष्ट्र धोरणाचं आणि संरक्षणाचं क्षेत्र. तेही गरजेचंच आहे, पण तिथे आधीच गर्दी आहे. आपला विषय चीनच्या आत आहे. एखाद्या काउंटीचा, म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारख्या एककाचा, कम्युनिस्ट पक्षसचिव बढतीसाठी कशाची धडपड करतो? खेड्यातून शहरात आलेल्या मजुराच्या मुलाला तिथल्या शाळेत प्रवेश मिळताना अडचण का येते? एक मूल धोरण २०१५ च्या अखेरीस मागे घेतलं, २०२१ मध्ये तीन मुलांची मुभा दिली, तरी २०२२ पासून लोकसंख्या घटायला का लागली? जमीन गेलेला शेतकरी तक्रार घेऊन कुणाच्या दारात उभा राहतो? असे प्रश्न.

पाया म्हणून राज्यव्यवस्थेचा नकाशा पाठ असू द्या. केंद्र, प्रांत, प्रीफेक्चर पातळीवरची शहरं, काउंटी आणि टाउनशिप, अशी ही उतरंड आहे. काउंटी पातळीवरची एककं सुमारे २,८०० आहेत. प्रत्येक पायरीवर सरकारचा प्रमुख वेगळा आणि पक्षाचा सचिव वेगळा, आणि वजन पक्षसचिवाचं जास्त. पक्षाचं महाअधिवेशन पाच वर्षांनी भरतं. विसावं ऑक्टोबर २०२२ मध्ये झालं. त्यानंतर लगेच निवडलेल्या पॉलिट ब्यूरोत, म्हणजे पक्षाच्या वरिष्ठ नेतृत्वमंडळात, २४ जण आणि त्यातल्या स्थायी समितीत ७ जण होते. पक्षाची सदस्यसंख्या १० कोटींच्या घरात आहे. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बातमीतलं प्रत्येक नाव कुठल्या खुर्चीवरून बोलतंय ते कळतं, आणि अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

भाषा: पहिली तीन वर्षं इथे घाला

अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था चिनीला इंग्रजी भाषकांसाठी सर्वांत अवघड भाषांच्या गटात ठेवते आणि कामापुरती चिनी यायला वर्गातले सुमारे २,२०० तास लागतात असं मानते. रोज दोन तास धरले तर ही तीन वर्षं झाली. हा आकडा घाबरवण्यासाठी सांगत नाही. बीएच्या पहिल्या वर्षी सुरुवात केली तर पदवीबरोबर भाषाही हाती येऊ शकते, हे त्यातून दिसतं. एमए झाल्यावर सुरुवात केली तर तीच तीन वर्षं शिष्यवृत्तीच्या मुदतीतून कापली जातात.

उच्चारांच्या बाबतीत मराठी कानाला एक मोठा फायदा आहे. चिनीत प आणि फ, त आणि थ, क आणि ख असा अल्पप्राण आणि महाप्राण भेद असतो. इंग्रजी भाषकांना तो महिनोन्महिने झगडून शिकावा लागतो. आपल्याकडे तो मुळाक्षरांतच आहे. शिवाय मराठीत ‘चमचा’मधला च वेगळा आणि ‘चित्र’मधला च वेगळा. हे दोन्ही आवाज चिनीत जवळजवळ जसेच्या तसे आहेत. म्हणून पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत, इंग्रजीसारखी वाचू नका. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक ध्वनीसमोर आपलं मराठी अक्षर लिहून काढा. पिनयिनमध्ये ब लिहिलेला दिसेल तिथे तोंडातून प निघायला हवा, ग दिसेल तिथे क. राहतात ते शब्दाचा अर्थ बदलणारे चार सूर. ते ॲपवर नीट बसत नाहीत. पहिले सहा महिने तरी तुमचा आवाज ऐकून तिथल्या तिथे दुरुस्त करणारा शिक्षक हवा. प्रत्यक्ष नसेल तर ऑनलाइन, पण समोरासमोर. नंतर शब्दसंग्रहासाठी अँकी आणि शब्दकोशासाठी प्लेको ही ॲप खुशाल वापरा.

लिपीचंही ठरवून टाका. चीनमध्ये १९५६ पासून सोपी केलेली अक्षरं चालतात, तैवान आणि हाँगकाँगमध्ये पारंपरिक. लिहायला सोपी अक्षरं पुरेत, पण वाचता दोन्ही यायला हवीत.

एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेबद्दल बरेच गैरसमज आहेत. जुन्या सहा पायऱ्यांच्या रचनेत चौथ्या पायरीला १,२०० शब्द आणि सहाव्या पायरीला ५,००० शब्द अपेक्षित होते. २०२१ मध्ये नऊ पायऱ्यांचा नवा आराखडा आला. शिष्यवृत्तीच्या अर्जाला प्रमाणपत्र लागतं, म्हणून परीक्षा द्या. पण चौथी पायरी पार केलेल्या विद्यार्थ्यासमोर सरकारी परिपत्रक ठेवलं की पहिल्या परिच्छेदातच दमछाक होते. कारण चिनी प्रशासनाची भाषा पाठ्यपुस्तकातल्या संवादांपेक्षा फार वेगळी आहे.

यावर एक खात्रीचा उपाय आहे. दरवर्षी मार्च महिन्यात चीनचे पंतप्रधान राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेपुढे सरकारच्या कामाचा अहवाल मांडतात. त्याची चिनी प्रत आणि अधिकृत इंग्रजी भाषांतर दोन्ही मिळतात. शिकायला लागल्याच्या दुसऱ्या वर्षापासून त्याची रोज एक परिच्छेद अशी जोडवाचनं करा. ठरावीक शब्दसमूह वर्षानुवर्षं परत परत येतात, त्यामुळे दुसऱ्या अहवालापर्यंत वेग दुप्पट होतो. सोबत पक्षाचं मुखपत्र ‘रेनमिन रिबाओ’ उघडून पहिल्या पानावरचे मथळे वाचायची सवय लावा. चहाच्या कपाबरोबर दहा मिनिटं, पण रोज.

आता कुठे शिकायचं ते. बडोदेकरांच्या अगदी जवळची जागा म्हणजे गुजरात केंद्रीय विद्यापीठ. त्याचा कायमचा परिसर आता आपल्याच जिल्ह्यात, डभोई तालुक्यातल्या कुंढेला गावी आहे. तिथे चिनी भाषेचं शिक्षण आणि आंतरराष्ट्रीय अभ्यास या दोन्ही शाखा चालत आल्या आहेत. प्रवेशापूर्वी त्या वर्षाचं माहितीपत्रक बघून जागांची खात्री करून घ्या. घरी राहून ही भाषा शिकता येण्याची सोय आधीच्या पिढीला नव्हती. बाहेर पडायची तयारी असेल तर शांतिनिकेतनचं चीन भवन आहे, १९३७ पासूनचं. जेएनयूत चिनीची बीए आणि एमए आहे, दिल्ली विद्यापीठाच्या पूर्व आशियाई अभ्यास विभागात पदविका आहेत, आणि काशी हिंदू विद्यापीठात आणि हैदराबादच्या इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठातही (ईएफएलयू) चिनी शिकवलं जातं.

एक आग्रह मात्र धरतो. भारतात दोन वर्षं शिकल्यावर निदान सहा महिने ते वर्षभर चिनी बोलल्या जाणाऱ्या ठिकाणी राहाच. तैवान सरकारची ह्वायू शिष्यवृत्ती नेमकी भाषा शिकण्यासाठीच असते आणि ती उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांपासून पूर्ण वर्षापर्यंत मिळू शकते. तैपेईतल्या नॅशनल तैवान नॉर्मल युनिव्हर्सिटीचं मँडरिन केंद्र यासाठी प्रसिद्ध आहे. तैवानचं आर्थिक आणि सांस्कृतिक कार्यालय २०२४ पासून मुंबईतही आहे, त्यामुळे चौकशीसाठी दिल्ली गाठायची गरज उरली नाही. चीन सरकारची शिष्यवृत्तीही आहे. करोनाच्या काळात भारतीय विद्यार्थ्यांचे व्हिसा दोन वर्षांहून अधिक थांबले होते. ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले. थेट विमानं तर ऑक्टोबर २०२५ मध्ये परत उडाली. दोन्ही दारं ठोठवा. एक बंद झालं तर शिक्षण अडू नये, यासाठी हे.

ज्ञानशाखा सोडू नका

चिनी शिकणाऱ्या काहींना वाटतं की आता भाषा हेच सगळं. तसं नाही. विद्यापीठात नेमणूक होते ती राज्यशास्त्राचा, समाजशास्त्राचा किंवा इतिहासाचा अध्यापक म्हणून. तेव्हा एमए आपल्या मूळ विषयातच करा आणि संशोधनपद्धती मनापासून शिका: मुलाखती कशा घ्यायच्या, सर्वेक्षणाचे आकडे कसे वाचायचे, तुलना कधी करायची आणि कधी टाळायची.

वाचनासाठी विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय वापरा. २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी शिक्षणसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. केंब्रिज, सेज, टेलर अँड फ्रान्सिस हे प्रकाशक त्यात आहेत. म्हणजे १९६० पासून निघणारं ‘द चायना क्वार्टर्ली’, दिल्लीहून १९६४ पासून निघणारं ‘चायना रिपोर्ट’ आणि ‘जर्नल ऑफ कंटेम्पररी चायना’ ही मातब्बर नियतकालिकं बडोद्यात बसून वाचण्याची वाट मोकळी झाली आहे. आपलं विद्यार्थी खातं त्याला जोडलंय का, हे ग्रंथपालांना आजच विचारा.

जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट. १९२९ साली इटालियन विद्वान ज्युसेप्पे तुच्ची यांनी चिनी भाषांतरांच्या आधारे बौद्ध तर्कशास्त्रावरचा एक ग्रंथ सिद्ध केला. तो छापला आपल्या प्राच्यविद्या मंदिराने, गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये. चिनी मजकुरावर काम करण्याची परंपरा या शहराला जवळपास शंभर वर्षांची आहे. मंदिराच्या पायऱ्या चढाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

प्रश्न शोधणं: इथे घाई करू नका

‘भारत-चीन संबंध’ हा विषय नव्हे, ते क्षेत्र झालं. ‘शी चिनफिंग यांचं राजकारण’ हाही नव्हे. संशोधनाचा प्रश्न एवढा लहान हवा की चार वर्षांत त्याचं उत्तर देता यावं, आणि एवढा खोल हवा की त्या उत्तरातून व्यवस्थेबद्दल काही नवं कळावं. मी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी तपासायला सांगतो. या प्रश्नाचं उत्तर चिनी साधनांतूनच मिळू शकतं का? इंग्रजी पुस्तकांवर भागत असेल तर तो प्रश्न दुसऱ्या कुणीतरी आधीच सोडवलेला असतो. चीनला जाता आलं नाही तरी हा प्रश्न तग धरेल का? आणि गुजरातेत वाढलेल्या माणसाला त्यात असं काही दिसतं का, जे बॉस्टन किंवा बीजिंगमधल्या संशोधकाला दिसणार नाही?

या तिसऱ्या कसोटीवर बडोदेकर फार श्रीमंत आहे. सुरतेचंच घ्या. उधना, लिंबायत भागात खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात आणि तिथली महानगरपालिका मराठी, ओडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांच्या शाळा चालवते. आता दक्षिण चीनमधल्या शेनझेनकडे बघा. तिथेही शहर बाहेरच्यांच्या कष्टावर उभं आहे. पण १९५८ पासून हुकौ ही कुटुंबनोंदणीची पद्धत आहे. माणसाची नोंद ज्या गावी, त्याच्या मुलांच्या शाळेचे आणि इतर सोयींचे हक्क मुख्यतः त्या गावी. गाओकाओ ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षाही बहुतेकांना नोंदीच्या प्रांतातच द्यावी लागते. २०१४ नंतर लहान शहरांनी नियम सैल केले, मोठ्या शहरांनी गुणांकनाच्या चाळणीतून मोजक्यांनाच आत घेतलं. स्थलांतरिताच्या मुलाला शहर आपलं कधी मानतं, हा प्रश्न घेऊन सुरत आणि शेनझेन समोरासमोर ठेवता येतात. सुरतेतलं क्षेत्रकार्य तुम्ही मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत करू शकता. हे भांडवल इतर किती संशोधकांकडे आहे?

दुसरं उदाहरण तक्रारींचं. चीनमध्ये शिनफांग नावाची पत्रांनी आणि प्रत्यक्ष भेटून तक्रार करण्याची यंत्रणा आहे. खालच्या अधिकाऱ्याने ऐकलं नाही की लोक वर जातात, अगदी बीजिंगपर्यंत. त्यामुळे वरच्यांना खालची खबर लागते, आणि खालचे तक्रारदाराला वाटेतच अडवू पाहतात. गुजरातेत २००३ पासून ‘स्वागत’ ही तक्रारनिवारणाची योजना आहे. निवडणुका होणाऱ्या राज्यात आणि न होणाऱ्या राज्यात अर्ज घेऊन आलेल्या नागरिकाशी नोकरशाही कशी वागते, यावर एक चांगला प्रबंध उभा राहू शकतो.

आणि तिसरं तर तासाभराच्या अंतरावर आहे. हालोलचा मोटारीचा कारखाना २०१७ मध्ये जनरल मोटर्सकडून शांघायच्या एसएआयसी कंपनीच्या एमजी मोटरकडे गेला. पुढे जिंदल समूहही त्यात भागीदार झाला. करजणजवळ टीबीईए या चिनी कंपनीचा ट्रान्सफॉर्मरचा कारखाना आहे. २०१४ च्या सप्टेंबरात शी चिनफिंग अहमदाबादला साबरमतीकाठी आले. त्यानंतरची उमेद आणि गलवानच्या संघर्षाच्या वर्षी, २०२० मध्ये, आलेले गुंतवणुकीवरचे निर्बंध, हे दोन्ही आपल्या जिल्ह्याच्या आसपासच जमिनीवर दिसतात. सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांचे चीनमधल्या शाओशिंगजवळच्या कच्याओ बाजाराशी जुने संबंध आहेत. तिथे भारतीय व्यापाऱ्यांची मोठी वस्ती आहे. तिथून परतलेल्या माणसांच्या आठवणी नोंदवून ठेवायचं काम कुणीतरी हाती घ्यायला हवं.

कागद कसा वाचायचा

चीनच्या अभ्यासाची खरी कारागिरी इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

चिनी सरकारी कागदाला लाल मथळा असतो आणि लोक त्याला लाल मथळ्याचा कागदच म्हणतात. तो हाती आला की आधी मजकूर वाचू नका. तो कुणी काढला ते बघा: पक्षाच्या केंद्रीय समितीच्या कार्यालयाने, मंत्रिमंडळाने, की दोघांनी मिळून? दोघांची नावं असतील तर विषय वरच्या दर्जाचा. मग कागदाचा प्रकार बघा. ‘निर्णय’ असेल तर तो भारी, ‘मत’ असेल तर दिशादर्शक, ‘उपाय’ असेल तर तपशीलवार नियम. त्यानंतर मागच्या वर्षीच्या त्याच विषयावरच्या कागदाशी ओळ न् ओळ जुळवून पाहा. कुठला शब्दसमूह गळला आणि कुठला आला? चीनच्या राजकारणात ठरावीक शब्दप्रयोगांना फार वजन असतं. २०२१ च्या ऑगस्टनंतर ‘सामायिक समृद्धी’ हा जुना शब्दप्रयोग एकदम पुढे आला आणि त्याबरोबर बड्या तंत्रज्ञान कंपन्यांचा सूरही बदलला, हे मथळे मोजणाऱ्या अभ्यासकांना स्पष्ट दिसत होतं.

पुढची पायरी म्हणजे खाली उतरणं. बीजिंग बहुधा आधी काही ठिकाणी प्रयोग करतं आणि मग तो देशभर नेतं. म्हणून केंद्राच्या कागदाबरोबर एका प्रांताचा आणि त्याच प्रांतातल्या एका काउंटीचा अंमलबजावणीचा कागद शोधा. वरचं वाक्य खाली येईपर्यंत कसं बदललं, कुठल्या अटी वाढल्या, पैसे कुणी द्यायचे याबद्दल कुठे मौन पाळलं, यातच तुमचा प्रबंध दडलेला असतो.

आकड्यांबाबत सावध राहा, पण ते सरसकट खोटे म्हणून फेकून देऊ नका. जून २०२३ मध्ये शहरी तरुणांमधली बेरोजगारी २१.३ टक्के जाहीर झाली. ऑगस्टमध्ये हा आकडा प्रसिद्ध करणंच थांबवलं आणि पुढच्या जानेवारीत विद्यार्थी वगळून मोजलेला नवा आकडा सुरू केला. अशा मालिकेतले आधीचे आणि नंतरचे आकडे एका आलेखात जोडणं चूक आहे. प्रत्येक आकड्याखाली व्याख्या आणि तारीख लिहून ठेवा.

साधनं हळूहळू आकसत आहेत, हेही माहीत असावं. सीएनकेआय या मोठ्या चिनी संग्रहातले प्रबंध आणि सांख्यिकी वार्षिकं एप्रिल २०२३ पासून परदेशी ग्रंथालयांना मिळणं थांबलं. न्यायालयीन निकालांच्या सरकारी संकेतस्थळावर निकाल चढवण्याचं प्रमाणही २०२१ नंतर खूप घसरलं. म्हणून एक शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा: जे पान वाचलं ते त्याच क्षणी पीडीएफमध्ये, तारखेसह साठवा. उद्या ते तिथे असेलच असं नाही.

क्षेत्रकार्य आणि माणसांची सुरक्षा

चीनमध्ये प्रत्यक्ष काम करायचं तर यजमान विद्यापीठाचं पत्र आणि योग्य प्रकारचा व्हिसा हवाच. पर्यटक म्हणून जाऊन मुलाखती घेऊ नका. जुलै २०२३ पासून हेरगिरीविरोधी कायद्याची व्याप्ती वाढली आहे. तुम्हाला त्रास झाला तर तुम्ही परत याल. तुमच्याशी बोललेला माणूस तिथेच राहणार आहे. त्याचं नाव, गाव, नोकरी टिपणात लिहू नका, खुणेचा क्रमांक वापरा. चिनी समाजमाध्यमांवरून संवेदनशील मुलाखत कधीच घेऊ नका.

भारताच्या बाजूचेही नियम आहेत. २०१९ पासून चिनी संस्थांशी करार करण्याआधी आपल्या विद्यापीठांना परराष्ट्र आणि गृह मंत्रालयांची परवानगी लागते. तेव्हा ‘आमच्या विभागाचा तिकडच्या विभागाशी करार होईल’ या भरवशावर आराखडा बांधू नका. व्यक्तिगत शिष्यवृत्तीचा रस्ता सरळ आहे. चीनला जाणं जमलंच नाही तर तैपेईतलं नॅशनल चेंगची विद्यापीठ मुख्य भूमीच्या अभ्यासासाठी उत्तम आहे. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीत एके काळी जगभरच्या चीन अभ्यासकांचं माहेरघर असलेल्या केंद्राचा संग्रह आहे. ते केंद्र २०२० च्या अखेरीनंतर स्वतंत्र राहिलं नाही, पण संग्रह विद्यापीठाच्या ग्रंथालयात सामावला गेला.

पदवी, पैसा आणि घरच्यांशी बोलणं

‘चिनी शिकून पुढे काय?’ हा आई-बाबांचा प्रश्न रास्त आहे. दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या नोकरदार घरात तो विचारला जाणारच, आणि त्याला आकड्यांनी उत्तर द्यावं.

यूजीसी नेट ही अध्यापकांची पात्रता परीक्षा वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबर सत्रात. त्यात राज्यशास्त्र हा विषय सर्वांत सोयीचा. चिनी भाषेचाही स्वतंत्र विषय आहे. जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये, अधिक घरभाडं. वयोमर्यादा खुल्या गटाला ३० वर्षं. २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठीही चालतात. गुजरातेतल्या महाविद्यालयांसाठी जीसेट ही राज्य पात्रता परीक्षा आहे आणि ती आपलं सयाजीराव विद्यापीठच घेतं. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. कायमच्या जागा थोड्या निघतात आणि मध्ये काही वर्षं हंगामी अध्यापनावर काढावी लागू शकतात, हेही घरी स्पष्ट सांगा.

पीएचडीसाठी देशात जेएनयूचं पूर्व आशियाई अभ्यास केंद्र आणि दिल्ली विद्यापीठाचा विभाग ही मुख्य ठिकाणं. दिल्लीची इन्स्टिट्यूट ऑफ चायनीज स्टडीज दरवर्षी अखिल भारतीय चीन अभ्यास परिषद भरवते. नव्या संशोधकाने आपला पहिला निबंध तिथेच वाचावा, कारण देशभरचे चीन अभ्यासक तिथे भेटतात. परदेशात अमेरिकेतली बरीच विद्यापीठं पीएचडीचा पूर्ण खर्च उचलतात. हाँगकाँगची पीएचडी फेलोशिपही चांगली आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी पेकिंग विद्यापीठाची येनचिंग अकादमी आणि चिंगह्वा विद्यापीठातली श्वार्झमन शिष्यवृत्ती भारतीयांनाही खुल्या आहेत.

प्राध्यापकी मिळेपर्यंत, किंवा तिच्याऐवजी, विचारगटांत संशोधन, वृत्तपत्रांसाठी विश्लेषण, दस्तऐवजांचं भाषांतर आणि कंपन्यांसाठी धोरणवाचन ही कामं चिनी वाचणाऱ्या माणसाला मिळतात. मराठीतही लिहा. महिन्याला एक लेख, चिनी साधनं वाचून लिहिलेला. मराठी वाचकाला आज चीनबद्दल जे मिळतं ते बहुतेक इंग्रजी बातम्यांचं भाषांतर असतं.

अर्जांचा हंगाम असा धरा. अमेरिका आणि हाँगकाँगच्या मुदती साधारण डिसेंबरात संपतात, तैवानच्या भाषा शिष्यवृत्तीचे अर्ज फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असतात. म्हणजे गणपती उठले की तयारीला बसायचं. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना निदान दोन महिने आधी भेटा आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. तुमचा वीस-पंचवीस पानांचा एक निबंध सोबत द्या, ज्यात किमान पाच-सहा चिनी कागद तुम्ही स्वतः वाचून वापरले आहेत. निवड समितीसमोर गुणपत्रिकेपेक्षा या निबंधाचं वजन जास्त पडतं, आणि तो एका उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहून होतो.